बाटलीवरची लाल रेघ

मिसरूड फुटलं की माणूस मोठा होतो म्हणतात. खोटं आहे. माझं मिसरूड फुटलं, लग्न झालं, बायकोला दिवस गेले, तरी मी लहानच होतो. मोठा झालो तो रोह्याला, कंपनीच्या गेस्ट हाऊसच्या लॉनवर, एका प्लास्टिकच्या बाटलीपायी. मला तेव्हा पंचविशी लागली होती. माझं गाव गडब. शाळा चौथीपर्यंत, ती पण मास्तरांच्या कृपेनं. भाताची लावणी, झोडणी, बांधबंदिस्ती यातलं सगळं येत होतं, दुसरं काही येत नव्हतं. कंपनीला माळी पाहिजे होता आणि मी सांगितलं की मला येतं. गवताला काय यायचं असतं, ते आपोआप येतं, अशी माझी समजूत.

गेस्ट हाऊसच्या मागं आम्हाला एक खोली दिली होती. पत्र्याची, पण पक्क्या भिंतीची. तिच्या बरोबर डोक्यावर लोखंडी मनोऱ्यावर पाण्याची टाकी. अख्ख्या कॉलनीचं पाणी तिच्यातनं जायचं. सकाळी सहाला पंप चालू व्हायचा आणि आमच्या डोक्यावर धबधबा पडायला लागायचा. त्यातच पहिल्या शिफ्टचा भोंगा. मग कॉलनीतल्या बायका धुणी काढायच्या, नळ सुटायचे आणि टाकीचा आवाज पोकळ होत जायचा, रिकाम्या पिंपावर बोटानं वाजवावं तसा. दुपारी दोनला परत भोंगा, तीनला परत पंप. वारा फिरला की कंपन्यांचा वास यायचा, कधी कुजल्या अंड्यासारखा, कधी गोडसर. मथुरा म्हणायची, "आज काय शिजलंय वो कंपनीत?" आणि हसायची. मथुरा म्हणजे माझी बायको. तिला जाऊन आता दोन पावसाळे झाले. लेकीनं वही आणून दिली आणि म्हणाली, बाबा, नुसते भिंतीकडं बघत बसू नका, लिहा. म्हणून लिहितोय.

मथुरा खाडीवरची. गडबच्या पलीकडं, पेणच्या खाडीकाठी तिच्या माहेरची सगळी माणसं मिठागरावर. ती दहा वर्षांची असल्यापासून मिठाच्या खाऱ्या पाण्यात उभी राहिलेली. लग्न करून आली तेव्हा मी तिचं तोंड नंतर बघितलं, पाय आधी बघितले. टाचांना भेगा अशा की त्यात चार आण्याचं नाणं उभं राहील. तळवे पांढरे, कडक, जागोजाग फुटलेले. रोज संध्याकाळी चुलीवर वाटीत खोबरेल तेल ठेवायची, त्यात मेणबत्तीचा तुकडा वितळवायची आणि ते भेगांत भरायची. तोंडानं हूं की चूं नाही. रोह्याला आल्यावर सहा महिन्यांत भेगा जरा मिटायला लागल्या होत्या. मला त्याचा फार अभिमान वाटायचा, जसं काय मीच त्या मिटवल्या. घरात मीठ मात्र तिच्या माहेरचंच. जाडं, करडं, बरणीत ओलं होऊन बसायचं. तांदळाची भाकरी, सुका जवळा कांद्यावर परतलेला आणि थंडीत वालाचं बिरडं. तिच्या हातचं बिरडं खाल्लेल्या माणसाला मी आजही रस्त्यात ओळखीन. आता लेक करते. चांगलं करते. पण वाल सोलताना मथुरा प्रत्येक डाळिंबी दाबून बघायची, ते लेक करत नाही.

तर त्या थंडीत कर्णिक साहेबांनी तो फवारा आणला. कर्णिक साहेब गेस्ट हाऊस, बाग, कँटीन सगळं बघायचे. उंच माणूस, कमी बोलायचा, चष्मा कपाळावर. परदेशातल्या कुठल्या पाहुण्यानं त्यांना तो दिला होता. एक दुधी रंगाची बाटली, तिला वर पिवळं डोकं. ते डोकं पाण्याच्या पाइपाच्या टोकाला फिरवून बसवायचं. नळ सोडला की जोरात जाणारं पाणी बाटलीतलं औषध, म्हणजे गवत हिरवं करायचं पातळ खत, आपोआप ओढून घ्यायचं आणि दोन्ही मिळून पंख्यासारखं बाहेर पडायचं. पाठीवर पंप नको, दांडा मारायला नको. मी तर खुळाच झालो. पण त्या बाटलीवरचे आकडे त्यांच्याकडच्या मापाचे, त्यांचा अर्थ साहेबांनाही लागत नव्हता.

साहेब म्हणाले, "हे बघ, बाटलीला तुझं लॉन किती मोठं आहे ते माहीत नाही. ते तू तिला शिकवायचं. आधी नुसतं पाणी भर. दहा पावलं लांब, दहा पावलं रुंद असा चौकोन आख. तेवढ्यावर फवार आणि बाटलीतलं किती गेलं ते बघ. ते कळलं की मग औषध. एका चौकोनाला दोन वाट्या, जास्त नाही."

"व्हय साहेब," मी म्हणालो. मला वाटलं, एवढंच?

दुपारी मागच्या नळावर पाइप लावून मी साध्या पाण्यानं करून बघितलं. चौकोन संपला, बाटली संपली. बरोब्बर. मी खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता दोन वाट्या औषध घातलं, वर पाणी भरलं आणि शेवंतीच्या वाफ्याजवळच्या चौकोनावर सुरू केलं. तर अर्ध्यातच बाटली खडखडली. संपली. आता शहाणा माणूस थांबला असता. पण मी भाताचा माणूस. आमच्याकडं युरिया टाकताना मूठ संपली की टोपलीतनं दुसरी मूठ घ्यायची आणि पुढं जायचं, विचार कोण करतो? मी परत दोन वाट्या घातल्या, परत बाटली भरली आणि उरलेला अर्धा चौकोन पुरा केला. मिशीवर ताव देत घरी जाऊन चहा प्यालो.

तिसऱ्या दिवशी तो चौकोन पिवळा पडला. पाचव्या दिवशी करपला. आजूबाजूला हिरवं आणि मध्ये तो तपकिरी चौकोन, कडा एकदम सरळ, जसं काय कोणी इस्त्री विसरून गेलं.

नामदेव मुकादमानं तो साहेबांना दाखवला. नामदेवला माझ्या जागेवर त्याचा मेव्हणा बसवायचा होता, हे सगळ्यांना माहीत होतं. तो सगळ्यांसमोर म्हणाला, "खाडीकडच्या माणसाला गवत म्हंजे बैलाचा चारा, साहेब. ह्यानं तर तो चारा शिजवून ठेवला."

कँटीनची पोरं फिदीफिदी हसली. साहेब हसले नाहीत. वाकून त्यांनी करपलेलं गवत चिमटीत घेतलं, चोळलं आणि म्हणाले, "पंधरा दिवसांनी पाहुणे आहेत, चहा लॉनवर आहे. समोरचं लॉन फिकं पडलंय, त्याला औषध द्यावंच लागणार. पुढच्या रविवारी तूच देशील. तुझा कायमचा कागद माझ्या टेबलावर आहे. हे लॉन जळलं तर तो मी वर पाठवू शकत नाही. आणि खोली पण दुसऱ्याला द्यावी लागेल. समजलं?"

समजलं. खोली गेली तर गडबला भावांच्या घरात आम्हाला कोपरा नव्हता. मथुरेच्या माहेरी जावं लागणार. आणि तिच्या माहेरी जो खातो तो मिठागरात उतरतो. तिच्या आईनं निरोप पण धाडला होता, आगराचं काम सुरू झालंय, माणसं कमी आहेत. मथुरेला सहावा महिना होता. मला डोळ्यांसमोर दुसरं काहीच दिसेना, फक्त ते पाय, परत त्या पाण्यात.

घरी येऊन मी बाटली भिंतीवर आपटायला उचलली. मथुरा तांदूळ निवडत होती. सुपातनं मान वर न काढता म्हणाली, "फोडा. मंग साहेबाला काय दाखवाल, टकुरा?"

मी बाटली खाली ठेवली आणि सगळं सांगितलं. दुपारी एक बाटली चौकोनभर पुरली, सकाळी अर्ध्यात संपली, ह्या परदेशी वस्तूचा काही भरवसा नाही.

ती सूप बाजूला ठेवून वर टाकीकडं बघायला लागली. दुपारचे दोन वाजायला आले होते. टाकी पोकळ वाजत होती.

"दुपारी केलंत तवा टाकी अशीच वाजत व्हती?"

"मी काय टाकी ऐकत बसलो होतो?"

"मी ऐकते ना. दुसरं काय हाय हितं ऐकायला? सकाली टाकी तोंडापर भरलेली असते. आता बुडाला पानी हाय." मग लहान मुलाला सांगावं तसं म्हणाली, "अवो, उधाणाचं पानी येगलं, भांगाचं पानी येगलं. आमच्या आगरात उधाणाला उघाडी चार बोटं उचलली तरी खाडी धावत आत येते. भांगाला अख्खी उघाडी काढून ठेवा, पानी उंबऱ्यावर बसून राहतं. ती बाटली काय करंल? तुमी तिला भांगात शिकवलं आनि उधाणात नेलं."

उघाडी म्हणजे मिठागराच्या बांधातली फळी, जी उचलून भरतीचं पाणी आत घेतात. उधाण म्हणजे पुनव-अवसेची मोठी भरती, भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची मंद भरती. मी खाडीपासून एवढ्या जवळ वाढलो, पण उधाण आणि भांग हे माझ्यासाठी मासळी स्वस्त की महाग एवढंच होतं. पाइपात पण उधाण येतं हे मला त्या दिवशी कळलं. आता वाटतं, साहेबांना तरी ते माहीत होतं का? असेल. पण त्यांच्या डोक्यावर टाकी नव्हती.

दुसऱ्या दिवशीपासून आम्ही दोघांनी धंदाच लावला. तिनं घरातली पत्र्याची बादली आणली. पाइपाखाली ठेवायची आणि ती मोजायची, "एक, दोन, तीन," एका चालीत, बोटांच्या पेरांवर. सकाळी आठला बादली अठरा मोजेपर्यंत भरली. दुपारी दीडला बत्तीस. आणि सकाळी दहाला, कॉलनीतली धुणी आटपली, नळ बंद झाले की पंचवीस. तिनं तीन दिवस दहा वाजता मोजलं. पंचवीस, पंचवीस, सव्वीस.

"हे आपलं पानी," ती म्हणाली. "दहाचं. ना उधाण, ना भांग."

मग दहाच्या पाण्यावर मी साध्या पाण्यानं चौकोन फवारायला घेतला. करपलेल्या चौकोनावरच, तिथं आता काय जळणार होतं? बाटली काठोकाठ भरायची, चौकोन संपला की थांबायचं आणि किती उतरलं ते बघायचं. पहिल्यांदा अर्धी बाटली गेली. परत केलं तर चौकोन संपायच्या आतच बाटली रिकामी. तिसऱ्यांदा अर्ध्याच्या पण वर राहिली. मी कपाळाला हात लावला. बादली तर तेवढ्यातच भरत होती!

मथुरा पायरीवर बसून बघत होती. पोटावर हात, तोंडात बडीशेप. म्हणाली, "पानी आता सारखं हाय. पाय सारखं नाय तुमचं."

"माझे पाय?"

"नामदेव फाटकात दिसला की पलता. तो गेला की म्हशीवानी चालता. मघाशी कोपऱ्यावर उभं राहून शिंकलात, तवर बाटली चालूच व्हती."

मला राग आला. पण खरं होतं. ती उठली, चपला काढल्या आणि लॉनवर उतरली. लॉनवर नोकरमाणसांनी चालायचं नाही असा नियम होता, आम्ही पण फक्त कामापुरतं. ती पाणी उडणार नाही एवढं बाजूला उभी राहिली आणि चालायला लागली. ते चालणं मी कधी नीट बघितलंच नव्हतं. मिठाच्या पाट्या डोक्यावर घेऊन वीतभर रुंदीच्या बांधावरनं चालणाऱ्या बाईचं चालणं. पाऊल जोरात पडत नाही, हळू पडत नाही, पुढचं मागच्यापेक्षा लांब नाही. मान हलत नाही. पाऊल चुकलं की पाटी जाते आणि पाटी गेली की पाठीमागच्या सगळ्या बायका थांबतात, म्हणून लहानपणापासून अंगात बसलेलं.

"माझ्या पायाकडं बगा, बाटलीकडं नको," ती म्हणाली. मी तिच्या पावलाला पाऊल लावलं. पहिल्या दोन फेऱ्या ढेंगा चुकल्या. तिसऱ्या फेरीला जमलं. ओल्या गवतावर तिची टाच उचलली की भेगांत पाणी चमकायचं. कडेला पोचून वळताना ती एकदम थांबली. मला वाटलं पोटात काही दुखलं.

"काय झालं गो?"

"काय नाय. थंड लागतंय. बरं वाटतंय पायाला." आणि परत चालायला लागली.

त्या फेरीनंतर किती पाणी गेलं ते बघितलं. परत केलं. परत तेवढंच. परत तेवढंच. मग तेवढंच पाणी मोजून रिकाम्या बाटलीत ओतलं आणि जिथं पाणी आलं तिथं खूण करायची ठरली. पेन्सिल त्या प्लास्टिकवर उमटेना. खडू पुसला जाई. मथुरा आत गेली आणि पेणच्या बाजारातनं घेतलेली नखाला लावायची लाल बाटली घेऊन आली. ती तिनं लग्नात एकदाच लावली होती, उरलेली जपून ठेवली होती. ब्रश टेकवून तिनं फवाऱ्याच्या बाटलीवर आडवी रेघ ओढली. हात जराही हलला नाही. "घ्या," म्हणाली, "आता हिला कलतंय."

रविवारी सकाळी मी सुतळी आणि खुंट्या लावून समोरच्या लॉनचे सहा चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनाला दोन वाट्या औषध आणि रेघेपर्यंत पाणी. साहेब व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले. नामदेव मुकादम खांबाला टेकला होता. दहा वाजले. मथुरेनं बादली लावली आणि मोजलं. पंचवीस. तिनं मान हलवली, पदर खोचला आणि कडेनं चालायला लागली. मी तिच्या पावलाला पाऊल लावून, पाइप ओढत.

नामदेव ओरडला, "बाय पुढं, बुवा मागं! वरात निघाली काय रं? वाजंत्री कुठं ऱ्हायली?"

माझा पाय अडखळणार होता. मथुरेनं मान न वळवता, पाऊल न बदलता सांगितलं, "वाजंत्री तर तुमीच करताय की मुकादम. नीट वाजवा जरा." व्हरांड्यात साहेबांच्या नाकातनं फुस्स असा आवाज आला. मी तिच्या टाचांकडं बघत चालत राहिलो.

पहिला चौकोन संपला आणि बाटली खडखडली, त्याच पावलाला. दुसरा, तिसरा तसाच. मला घाम फुटला होता, थंडीत. सहाव्या चौकोनाला मात्र चौकोन संपला आणि बाटलीत दोन बोटं औषध उरलं. कॉलनीत कोणीतरी नळ सोडला असणार. माझा हात आपोआप मागं वळला. शेतात उरलेली मूठ कोणी घरी नेतं का? कुठंतरी टाकून द्यायची. मी बाटली परत गवताकडं करणार एवढ्यात कडेच्या नळापाशी पोचलेल्या मथुरेनं तो बंद केला.

"उरलं ते उरलं," ती म्हणाली. "ठेवा."

ती दोन बोटं मी टाकून दिली असती तर काय झालं असतं मला माहीत नाही. कदाचित काहीच नाही. पण माझ्या आयुष्यात नंतर जे काही बरं झालं ते हात मागं घ्यायला शिकल्यामुळं झालं, आणि ते मी त्या नळापाशी शिकलो. साहेबांनी सांगितलं, फवारा परत करायची गरज नाही, तुझ्याकडेच राहू दे.

मग वाट बघणं. सोमवार, मंगळवार, बुधवार. मी रोज उजाडता उजाडता लॉनवर जाऊन बसायचो आणि गवताचं पातं उन्हात धरून पिवळं दिसतं का बघायचो. घरात मला घास उतरत नव्हता. मथुरा बिरडं करायची आणि माझ्या पुढ्यात सरकवायची, "गवत तुमच्या उपाशी राहण्यानं हिरवं व्हनार हाय का?" गुरुवारी मी बघितलं तर कोपऱ्यात एक पट्टा वेगळा दिसला. जवळ गेलो. तो पट्टा वेगळा होता कारण तिथं माझी फेरी चुकून फवारा पोचलाच नव्हता. तो जुना, फिका होता. बाकी सगळं लॉन गडद हिरवं झालं होतं, आवणातल्या भाताच्या रोपासारखं. मी तिथंच बसलो. मग खोलीच्या दाराशी जाऊन ओरडलो, "मथुरे, बाहेर ये गो!" ती आली, बघितलं आणि एवढंच म्हणाली, "तो कोपरा ऱ्हायला तुमचा."

पाहुणे आले, चहा प्याले, गेले. कोणी गवताकडं बघितलं असेल असं मला वाटत नाही. कर्णिक साहेबांनी मात्र कागद वर पाठवला. उन्हाळा लागता लागता तो सही होऊन आला. मी तो पेणला तिच्या आईला दाखवायला घेऊन गेलो, तिला वाचता येत नव्हतं तरी. म्हातारीनं कागद हातात धरला, उलटा, आणि विचारलं, "मंग पोर आता आगरात नाय येनार?" मी म्हणालो, नाय. म्हातारीनं डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, काम करणारे हात गेले म्हणून. परत जाताना तिनं मिठाची पिशवी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मीठ मातुर हितलंच न्यायचं." तेव्हा कळलं, पोर आगरातनं सुटली म्हणून रडली होती, फक्त माहेर तुटायला नको होतं.

मथुरा परत कधी मिठागरात उतरली नाही. सणावाराला माहेरी गेली तर बांधावर उभी राहून बघायची. रोह्याला आम्ही एकवीस वर्षं काढली. लॉनला औषध द्यायचं असलं की ती दहा वाजता बादली लावायची, नंतर नंतर लेक पण मोजायची. नंतर फवाऱ्याचं डोकं फुटलं, कंपनीनं दुसरा पंप दिला, पण बाटली मी टाकली नाही. आता पेणला आम्ही मागाहून बांधलेल्या घरी माळ्यावर आहे. रेघ फिकी झाली आहे, पण आहे.

ती गेली त्या दिवशी अंघोळ घालायला बायका आल्या, तिची धाकटी बहीण पण आली. धाकटीनं सगळा जन्म मिठागरात घालवला. मी दाराबाहेर उभा होतो. आतनं पाण्याचा आवाज येत होता, मग तो थांबला. धाकटी मोठ्यानं म्हणाली, "गो बाय, हिच्या टाचा बगा. एक भेग नाय. शेठानीच्या टाचा हायत."

मी बाहेर भिंतीला टेकलो. रडायचं होतं मला. पण आधी मान ताठ झाली.